‘सेव्ह अ‍ॅज’ म्हटले की संगणक गोठायचा

बेळगावच्या शहापुरात माझे टायपिंगचे दुकान आहे आणि तेथे मराठी व कन्नड अर्जांची रोजची गर्दी असते. अशातच फाइल ‘सेव्ह अ‍ॅज’ करताच पडदा पांढुरका होऊन संगणक मिनिटभर गोठू लागला. मी आधी हार्ड डिस्कवर संशय घेतला आणि ‘चेक डिस्क’ ही डिस्कमधले दोष शोधणारी विंडोजची सोय चालवून अख्खी दुपार घालवली, पण दोष काही निघाला नाही. मग ध्यानात आले की, आधी जतन केलेली फाइल कंट्रोल आणि एस दाबताच क्षणात जतन होते. अडते ते केवळ जागा निवडण्याची चौकट उघडताना. ‘धिस पीसी’मध्ये पाहिले, तर टिळकवाडीतील जुन्या जागेच्या संगणकाशी जोडलेला झेड ड्राइव्ह (नेटवर्कवरून त्या संगणकातील फाइली दाखवणारा ड्राइव्ह) लाल फुलीसह तसाच होता. तो संगणक मी केव्हाच विकला होता, तरी विंडोज दर वेळी त्याला हाक मारून उत्तराची वाट पाहत बसे. झेड ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘डिस्कनेक्ट’ निवडले, ‘क्विक अ‍ॅक्सेस’ या नेहमीच्या फोल्डरांच्या यादीत पिन केलेले त्यातील फोल्डरही काढले आणि संगणक पुन्हा सुरू केला. आता चौकट लगेच उघडते. खोळंबलेल्या गिऱ्हाइकांना पाजलेल्या चहाचा खर्च तेवढा अंगावर पडला.