विश्वामित्रीचं पाणी आणि चिलटं: विंग स्पॉट टेस्ट करताना या चुका टाळा

बडोद्यात दरवर्षी एमएस्सीची दोघंतिघं तरी पोरं येऊन विचारतात की विश्वामित्री नदीच्या पाण्यानं डीएनएला इजा होते का हे चिलटांवर बघता येईल का. येतं, विंग स्पॉट टेस्टनं: अळ्यांना ते पाणी खाण्यातून द्यायचं आणि त्यांच्या माश्या झाल्या की पंखांवरचे ठिपके मोजायचे. मला ते काम फार मोलाचं वाटतं, पण बऱ्याचदा रिझल्ट म्हणून जे हाती येतं ते पाण्याचं नसतं, आपल्या चुकीचं असतं.

आधी माशीचंच बघा. केळ्यावर घोंघावणारी घरची चिलटं पकडून ही टेस्ट होत नाही, आणि शेतकरी ज्याला फळमाशी म्हणतात तो तर वेगळाच किडा. इथे दोन खास स्टॉक, म्हणजे लॅबमध्ये जपलेले वाण लागतात, एकात मल्टिपल विंग हेअर्स आणि दुसऱ्यात फ्लेअर हा जीन, आणि मादी कोषातून बाहेर पडल्यापासून ८ तासांच्या आत वेगळी काढायची, नाहीतर क्रॉस नक्की कुणाशी झाला ते कळतच नाही. पंखाच्या प्रत्येक पेशीला एरवी एकच केस असतो. अळीच्या पंख बनवणाऱ्या पेशीत बिघाड झाला की तिच्यापासून झालेल्या पेशींवर तीनचार केस दिसतात किंवा आखूड वेडेवाकडे केस, आणि तोच आपला ठिपका.

सॅम्पल घ्यायला काठावर उतरू नका, मगरी आहेत, पुलावरून दोरीनं बादली सोडा. आणि सगळ्यात वाईट चूक इथेच होते: धातू तपासायला बाटलीत नायट्रिक ॲसिड टाकतात ना, तीच बाटली अळ्यांना पाजतात! मग अळ्या मेल्या की पाणी विषारी म्हणून लिहून मोकळे. अळ्यांचं सॅम्पल वेगळं, ॲसिडशिवाय, ४ डिग्रीला अंधारात ठेवा आणि लवकर वापरा. बुरशी नको म्हणून गाळून घेतलंत तर हेही लक्षात ठेवा की गाळाला चिकटलेलं बरंच काही फिल्टरवरच राहतं, म्हणून गाळलेलं आणि न गाळलेलं दोन्ही चालवा. हे पाणी माश्यांच्या नेहमीच्या मक्याच्या खाण्यात घालून उकळायचं नाही, उडून जाणारी केमिकल्स उडून जातात. इन्स्टंट मीडियमची, म्हणजे न शिजवता भिजवायच्या खाण्याची पावडर थेट सॅम्पलच्या पाण्यानं भिजवा.

कंट्रोलला नळाचं पाणी घेऊ नका, क्लोरीन आणि पाण्यातला सेंद्रिय मळ मिळून जी संयुगं बनतात त्यातली काही स्वतःच म्युटाजेनिक, म्हणजे डीएनएत बदल घडवणारी असतात. डिस्टिल्ड वॉटर घ्या, शिवाय पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ईएमएस, म्हणजे डीएनएला नक्की इजा करणारं केमिकल, ग्लोव्ह्ज घालून. ईएमएसला ठिपके आलेच नाहीत तर नदीला दोष नाही म्हणायचा तुम्हाला हक्कच नाही, टेस्टच चाललेली नाही.

अळ्यांचं वय ७२ तास, चार तास इकडेतिकडे. आणि तापमान २५! माझी एका मे महिन्यात अख्खी बॅच गेली, रात्री एसी बंद पडला, आणि ३०च्या वर गेलं की नर वांझ व्हायला लागतात, मग अंडी घातली तरी फुटत नाहीत.

पाणी फार विषारी असेल तर पुरेशा माश्याच बाहेर पडत नाहीत, म्हणून शंभर टक्क्यांबरोबर पन्नास आणि पंचवीस टक्केही ठेवा आणि किती जगल्या ते मोजा.

आता मोजणी. ४०० पटीच्या मायक्रोस्कोपखाली पंख बघताना कुठला पंख कुठल्या बाटलीतला हे मोजणाऱ्याला माहीत नसावं, दुसऱ्या कुणाकडून स्लाइडवर कोड घालून घ्या, कारण एकदोन पेशींचे ठिपके मनात असलं की दिसायला लागतात. चार पंख बघून निकाल देऊ नका, साध्या पाण्यावरही थोडे ठिपके येतातच, तेव्हा एका डोसला चाळीसेक माश्या तरी हव्यात. आणि याच क्रॉसमधून निघणाऱ्या, पंखाची कड कातरल्यासारखी दिसणाऱ्या माश्या कृपा करून फेकू नका. त्यांच्यात उलट्यापालट्या तुकड्यांचा बॅलन्सर क्रोमोसोम असतो, त्यामुळे त्यांच्या ठिपक्यांत रिकॉम्बिनेशनचा, म्हणजे जोडीतल्या क्रोमोसोममधल्या तुकड्यांच्या अदलाबदलीचा वाटा येत नाही, जवळजवळ नुसतं म्युटेशनच दिसतं. साध्या पंखाच्या माश्यांशी ताडून बघितलं की यातलं किती कशामुळे ते कळतं. जुळे ठिपके, म्हणजे जास्त केसांच्या ठिपक्याला लागून वेड्यावाकड्या केसांचा, हे फक्त रिकॉम्बिनेशनचे.

शेवटी रिपोर्टमध्ये 'हे पाणी कॅन्सर करतं' असं लिहू नका. शहराच्या वरच्या बाजूचं आणि खालचं पाणी एकाच दिवशी घेऊन, त्याच बॅचच्या अळ्यांवर, खालच्यानं जास्त ठिपके आले, एवढंच लिहा आणि पावसाळ्यानंतर परत करा.