सिनेमा पडतो, नायिका तारते: अशा इरॉटिक चित्रपटाचं परीक्षण कसं लिहावं

फसलेल्या इरॉटिक सिनेमाच्या परीक्षणात दोन वाक्यं हमखास भेटतात: ‘कथेत दम नाही’ आणि ‘नायिकेने मात्र कमाल केली आहे’. दोन्ही खरी असतील, पण वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. सिनेमा नेमका कुठे घसरला आणि नायिकेने तो कुठे, कशाने सावरला हे दाखवलं तरच परीक्षणाला अर्थ. उदाहरणासाठी सॅम टेलर-जॉन्सन दिग्दर्शित ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ (२०१५) घेऊ, कारण हा प्रकार इतक्या स्वच्छ रूपात क्वचित सापडतो. सुमारे ४ कोटी डॉलरच्या खर्चावर जगभरात ५५ कोटींहून अधिक कमाई, समीक्षकांची नाकं मुरडलेली, आणि त्यातल्याच अनेकांनी नायिका डकोटा जॉन्सनची मात्र पाठ थोपटलेली.

आधी प्रत तपासा. भारतात सेन्सॉर बोर्डाने याला प्रमाणपत्रच नाकारलं, त्यामुळे इथल्या बहुतेकांनी तो घरीच पाहिला. चित्रपटगृहातली आवृत्ती १२५ मिनिटांची, घरगुती वापरासाठी आलेली वाढीव आवृत्ती १२८ मिनिटांची. युरोपातली जुनी डीव्हीडी हाती आली तर लांबी साधारण १२० मिनिटं दिसेल. ती कात्री नव्हे. २४ ऐवजी २५ फ्रेमच्या वेगाने चित्र पळतं, म्हणून सुमारे चार टक्के वेळ वाचतो. त्या वेगाने आवाजही किंचित चढा होतो, आणि आवाजावर लिहायचं असेल तर हे महत्त्वाचं. डब केलेल्या प्रतीवरून नायिकेच्या संवादफेकीबद्दल एक अक्षर लिहू नये.

पहिल्यांदा वही बंद ठेवून पाहा. दुसऱ्यांदा तीन रकाने आखा: वेळ, पडद्यावर काय घडलं, काम कोणाचं. तिसऱ्या रकान्यातच खरी मेहनत आहे. डोळ्यांत पाणी दिसलं ते तिचं. पण त्यावर मंद पिवळा उजेड पडला तो छायाचित्रकार शेमस मॅकगार्वीचा, आणि ते पाणी दिसताक्षणी कट झाला तो संकलनाचा. नायकाच्या वाक्यानंतर तिचा नुसता चेहरा दिसतो, तेव्हा तो चेहरा त्याच क्षणी टिपलेला असेलच असं नाही. संकलक दुसऱ्या टेकमधून उचलू शकतो. म्हणून श्रेय द्यायला भरवशाचे ते शॉट, ज्यांत ती न कापता निदान आठ-दहा सेकंद दिसते आणि तेवढ्यात तिच्यात काही बदलतं. अंगाच्या तुकड्यांचे क्लोजअप श्रेयातून वगळाच. तिथे बॉडी डबलही, म्हणजे तिच्या जागी उभी केलेली दुसरीच व्यक्ती, असू शकते.

मग तीन प्रसंग निवडा आणि प्रत्येक पुन्हा दोनदा पाहा: एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. तीनच का? एकच प्रसंग घेतला तर तो योगायोग वाटतो, आणि पाच घेतले तर परीक्षणाची जंत्री होते. निवडताना एक चूक सर्रास होते. इरॉटिक सिनेमा म्हटल्यावर लेखक थेट प्रणयदृश्यांकडे धावतो, आणि फसलेल्या सिनेमात नेमकी तीच दृश्यं सर्वांत निर्जीव असतात.

‘फिफ्टी शेड्स’मध्ये हे फार स्पष्ट दिसतं. गोष्ट थोडक्यात अशी: अब्जाधीश ख्रिश्चन (जेमी डॉर्नन) विद्यार्थिनी अॅनाला (जॉन्सन) आपल्या वर्चस्वाच्या लैंगिक खेळांत ओढू पाहतो आणि त्यासाठी तिच्यापुढे लेखी करार ठेवतो. त्या खेळांच्या लाल खोलीतली दृश्यं गुळगुळीत, महागड्या जाहिरातीसारखी. वर गाणं चढवलेलं, कॅमेरा सावध, आणि दृश्य संपल्यावर दोघांमधलं काही बदललेलं नाही. आता कराराची बैठक पाहा. ख्रिश्चनच्या कार्यालयातलं लांब टेबल, मंद उजेड, दोघे पूर्ण कपड्यांत, समोरासमोर. अॅना हातात कागद घेऊन एकेक कलम वाचते आणि हे काढा, तेही काढा असं सांगत जाते, जणू भाडेकरार तपासतेय. जॉन्सन हे लाजत म्हणत नाही आणि ठसक्यातही नाही. शब्द सपाट, व्यवहारी, आणि नजर मात्र कागदावरून हळूच वर, त्याचा चेहरा कसा होतोय ते पाहायला. एका कलमाचा अर्थ ती ज्या निरागसपणे विचारते त्यात खरं अज्ञान किती आणि खोडी किती, हे शेवटपर्यंत कळत नाही. दृश्याच्या सुरुवातीला पारडं त्याच्याकडे, शेवटी तिच्याकडे. सिनेमातला सर्वांत शृंगारिक प्रसंग हाच, आणि त्यात स्पर्श जवळपास नाही.

यातून मोजपट्टी मिळते: दृश्याच्या आधी पारडं कोणाकडे होतं, नंतर कोणाकडे गेलं? गेलंच नसेल तर दृश्य फसलं, मग पडद्यावर काहीही दाखवलेलं असो. ‘सिनेमा निराश करतो’ या मोघम विधानाऐवजी हे लिहा.

दुसरा प्रसंग विनोदाचा घ्या. दारू चढलेली अॅना बारमधून फोन लावते तो, किंवा तो त्या लाल खोलीला ‘प्लेरूम’ म्हणतो तेव्हा ती व्हिडिओ गेमबद्दल विचारते तो. मूळ कादंबरीतून आलेले जड संवाद जॉन्सन हलके करते, कारण ती वाक्याआधी अर्धा क्षण थांबते आणि आपल्यालाही हे जरा विचित्र वाटतंय असं दिसू देते. पण ती पात्राची टर उडवत नाही. हा फरक लिहायला हवा, नाहीतर ‘छान कॉमिक टायमिंग’ एवढ्यावर विषय आटपतो.

तिसरा प्रसंग आवाजासाठी, म्हणजे शेवटाकडे पट्ट्याचे सहा फटके. तिला ते मोठ्याने मोजायला लावलेलं असतं. डोळे मिटून ऐका. पाठ्य म्हणजे एक ते सहा आकडे, दुसरं काही नाही. तरी पहिल्या आणि शेवटच्या आकड्यामध्ये माणूस बदलल्याचं कळतं. नट-नटीचं काम संवादांवर अवलंबून नसतं, याचा याहून सोपा पुरावा शोधून सापडणार नाही.

पुरस्कारांचा आधार घेऊ नका. याच भूमिकेसाठी जॉन्सनला रॅझीचा, म्हणजे वाईट सिनेमांची थट्टा करणाऱ्या पुरस्कारांचा, सर्वांत वाईट अभिनेत्रीचा मान मिळाला. सिनेमा पडला की तो सगळ्यांना घेऊन पडतो, असं त्या मतदारांना वाटलं असावं. नात्यागोत्याचाही आधार नको. मेलनी ग्रिफिथ आणि डॉन जॉन्सनची मुलगी, टिपी हेड्रनची नात, ही माहिती द्यायचीच तर एका ओळीत आणि शेवटाकडे.

शब्दांबद्दल. ‘बोल्ड’, ‘मादक’, ‘कमनीय’, ‘घायाळ करणारी’ हे शब्द तिचं वर्णन करत नाहीत, लिहिणाऱ्याचं करतात. ‘नैसर्गिक अभिनय’ आणि ‘नजरेतून बोलते’ हे शब्द कोणालाही चिकटतात. ‘धाडसी’ तर टाळाच. कपडे उतरवणं हे धाडस मानलं की अभिनय बाजूला राहतो, शिवाय सेटवर काय ठरलं होतं ते आपल्याला ठाऊक नसतं. ‘बेसिक इन्स्टिंक्ट’मधला (१९९२) पोलीस चौकशीत पायांची घडी बदलण्याचा प्रसंग वर्षानुवर्षं नायिका शॅरन स्टोनचं धाडस म्हणून मिरवला गेला. २०२१च्या आत्मचरित्रात तिने लिहिलं, की काही दिसणार नाही असं सांगून तो शॉट घेतला होता. अशा दृश्यांसाठी सेटवर इंटिमसी कोऑर्डिनेटर (जवळिकीच्या दृश्यांत कलाकारांची संमती आणि मर्यादा सांभाळणारी व्यक्ती) असण्याची पद्धत एचबीओ या अमेरिकी वाहिनीने २०१८मध्ये सुरू केली. त्याआधीच्या सिनेमांबद्दल लिहिताना हात जास्तच आखडता ठेवावा.

‘करिश्मा’ हा शब्द वापरायला हरकत नाही, पण निष्कर्ष म्हणून, पुराव्यानंतर. कच्चं वाक्य: ‘डकोटाचा करिश्मा पडदा व्यापून टाकतो.’ सुधारलेलं: ‘कलम खोडायला सांगताना ती आवाज चढवत नाही, फक्त मान वर करते. एवढ्यावर समोरचा अब्जाधीश विद्यार्थ्यासारखा दिसू लागतो.’ दुसरं वाक्य वाचून माणूस तो प्रसंग शोधून पाहतो.

७०० शब्दांचं परीक्षण असेल तर कथेला ८०पेक्षा जास्त देऊ नका. सिनेमा का फसला याला २००, तीन प्रसंगांना मिळून ३००. उरलेल्यात तंत्र, सहकलाकार आणि निकाल. जेमी डॉर्ननवर सगळं खापर फोडण्याचा मोह होतो. तिला मोठं करायला त्याला लहान करावं लागतं, असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचं पात्रच ठोकळा लिहिलंय आणि तिच्या पात्राला निदान प्रश्न विचारायची मुभा आहे. हे म्हटलं तर दोघांनाही न्याय.

तारे द्यायचे असतील तर ते सिनेमाचे. नायिकेसाठी अर्धा तारा वाढवून अडीच केले, तर वाचक सिनेमा बरा आहे असं समजून बसतो आणि मग शिव्या तुम्हाला. दोनच द्या. तिचं काम पाहण्यासारखं आहे आणि ते साधारण कुठल्या मिनिटाला येतं, हे शेवटच्या परिच्छेदात लिहा.

चित्र शेवटी निवडा. लाल खोलीतलं लावलं तर आधी लिहिलेलं सगळं पाण्यात. त्या लांब टेबलाशी बसलेली, कागद हातात घेतलेली अॅना लावा.