हॅच जोरात, पण गळ रिकामा? या चुका टाळा

दिवस कलला की नदीवर किडे उठतात (हाच हॅच), पाण्यावर जागोजागी वलयं फुटायला लागतात, आणि फ्लाय फिशिंग करणारा माणूस नेमका तेव्हाच गोंधळतो. दुपारी मासा दिसत नव्हता म्हणून हात रिकामे. आता मासे समोर खाताहेत तरी रिकामेच. पहिला संशय फ्लायवर, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्यावर, जातो. डबा उघडायचा, बदलायची, पुन्हा बदलायची, तोवर हॅच ओसरतो. माझ्या मते दोष बहुतेक वेळा डब्यात नसतो. आपण हवेकडे बघत असतो आणि ट्राउट (थंड पाण्यातला मासा) पाण्याकडे, घोळ तिथे होतो.

उडणाऱ्या किड्यावरून फ्लाय ठरवणं

हवेत दिसणारा किडा माशाच्या तावडीतून निसटलेला असतो. मेफ्लाय या पाण्यातून निघणाऱ्या किड्याचंच घ्या. तिची निम्फ (पाण्यातली पिल्लावस्था) तळातून वर येते, पाण्याच्या पापुद्र्याला लटकून कात टाकते आणि पंख फुटलेला डन बाहेर पडतो. त्याचे पंख धुरकट असतात. तो झाडीत जाऊन बसतो आणि पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा हा किड्यांमधला एकटाच गट. आता पंख पारदर्शक होतात, हा स्पिनर. मिलन झालं, अंडी घालून झाली की स्पिनर पंख पसरून पाण्यावर आडवे पडतात.

एकाच संध्याकाळी यातल्या दोन-तीन अवस्था एकदम वाहत असू शकतात आणि ट्राउट त्यातली एकच धरून बसतो. सहसा पळू न शकणारी: कात टाकताना अडकलेला इमर्जर, नाहीतर मरणपंथाला लागलेला स्पिनर. म्हणून सुंदर, ताठ पंखांची ड्राय (पाण्यावर तरंगणारी) फ्लाय त्याच्या नाकावरून जाते आणि तो ढिम्म राहतो. कधी मोठे किडे आपलं लक्ष वेधून घेतात आणि मासा मात्र त्याच वेळी निघणारे बारीक किडे टिपत असतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. पहिली दहा मिनिटं कास्ट करू नका, म्हणजे फ्लाय फेकू नका. काठाजवळ फेस साचतो त्या संथ वळणात वाकून बघा, किंवा मत्स्यालयाची बारीक जाळी अर्धी बुडवून प्रवाहात धरा. रिकाम्या काती आल्या तर किडे निघताहेत. पंख पसरलेले निर्जीव किडे आले तर स्पिनर पडताहेत.

सगळी वलयं सारखीच समजणं

मासा काय खातो ते तो स्वतःच सांगत असतो. पाठ, पाठीवरचा पर, मग शेपटी असं क्रमानं दिसलं आणि तोंड दिसलंच नाही, तर तो पृष्ठभागाच्या जरा खालचे इमर्जर घेतोय. वलयात बुडबुडा राहिला तर तोंड वर उघडलं, म्हणजे किडा पृष्ठभागावरून गेला. खळ्ळकन उडालेलं पाणी बऱ्याचदा कॅडिस या दुसऱ्या किड्याची खूण, कारण तिचा प्यूपा (कोषावस्था) झपाट्यानं वर येतो आणि मासा त्याच्या मागे धावतो. आणि एका लयीत उठणारं, पावसाच्या थेंबाएवढं वलय? ते स्पिनरचं असू शकतं. त्याला छोटा मासा समजून सोडू नका. मोठे ट्राउट असेच चोरून खातात.

इमर्जरची शंका आली तर फ्लोटंट (तरंगत ठेवणारं द्रव्य) फक्त फ्लायच्या वरच्या पिसाला लावा, अंग भिजू द्या. सीडीसी (बदकाच्या शेपटीजवळच्या) पिसांना मात्र जेल लावू नका, ती चिकटून बसतात. त्यांना कोरडी पूड बरी.

वलयाच्या मधोमध फ्लाय टाकणं

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, किड्याबरोबर थोडा मागे सरकतो, खातो आणि परत जागेवर जातो. वलय तर तोवर आणखी खाली वाहून आलेलं असतं. मधोमध टाकलेली फ्लाय म्हणजे माशाच्या शेपटीमागे. ती वलयाच्या निदान मीटरभर वर पडायला हवी.

आडव्या दिशेची अचूकता याहून महत्त्वाची. माशाला बाहेरचं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसतं, त्यामुळे पृष्ठभागावरची त्याची गोल खिडकी खोलीच्या साधारण सव्वादोन पट रुंद असते. ६० सेंटिमीटर खोलीवर ती सव्वा मीटरहून मोठी. हॅचमध्ये मासा १५ सेंटिमीटरवर आला की जेमतेम ३४ सेंटिमीटर. फ्लाय हातभर बाजूला पडली की खिडकीबाहेर गेली. फायदा एवढाच की असा मासा आपल्यालाही कमी बघतो. सावकाश गेलात तर बरंच जवळ जाता येतं, आणि जवळून कास्ट अचूक होतो.

फ्लाय ओढली जाणं

मासा वर येतो, फ्लायखाली क्षणभर थांबतो आणि वळतो. अशा वेळी फ्लाय बदलण्याआधी लाइन, म्हणजे फ्लाय फेकायचा जाड दोर, बघा. मधली वेगवान धार लाइनला खेचत असते आणि फ्लाय प्रवाहापेक्षा वेगळ्या चालीनं जाते. अंधुक उजेडात हे दिसतही नाही. दोन पावलं जागा बदला, टिपेट (फ्लायला बांधलेला शेवटचा बारीक दोरा) लांबवा, लाइन पडतानाच वरच्या बाजूला वळवा. कॅडिस तेवढी अपवाद. अंडी घालायला आलेली ती पाण्यावर फडफडते, तिथे हलका झटका उलट कामाला येतो.

अंधार पडल्यावर गाठी मारणं

५एक्स (हा जाडीचा क्रमांक) टिपेट जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाड. उजेड असतानाच जास्तीच्या टिपेटना फ्लाय बांधून ठेवा. शेवटच्या टप्प्यासाठी स्पिनरची नक्कल असलेली फ्लाय हवीच. अंधारात एक नंबर जाड टिपेट चालतं. डोक्यावरचा दिवा लावायचा तर पाण्याकडे पाठ करून.

पाण्याचं तापमान न बघणं

उन्हाळ्यात हवा गार झाली तरी पाण्यात दिवसभराची ऊब शिल्लक असते. ते सर्वांत थंड पहाटेच्या सुमारास असतं. तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर असेल तर थांबा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून थकलेला ट्राउट सोडल्यावरही मरू शकतो. थर्मामीटर काठच्या उथळ पाण्यात बुडवू नका, तिथला आकडा फसवतो. वाहत्या धारेत मिनिटभर धरा.