टार बॅकअपमधून नको त्या फाइल्स वगळताना

ग्नू टारमध्ये (फाइल्स-फोल्डर एकत्र बांधून एकच बॅकअप फाइल करणारी कमांड) ‘एक्सक्लूड’ हा वगळण्याचा पर्याय फोल्डरच्या नावाआधी लिहा:

टार --एक्सक्लूड='*.लॉग' --एक्सक्लूड='नोड_मॉड्यूल्स' -सीझेडएफ बॅकअप.टार.जीझेड प्रकल्प

(टर्मिनलवर हे अर्थातच रोमन अक्षरांत.) पॅटर्नभोवतीचे (म्हणजे '*.लॉग' सारख्या नावाच्या नमुन्याभोवतीचे) अवतरण विसरू नका. ते नसेल तर शेल (टर्मिनलवर तुमची कमांड वाचणारा प्रोग्राम) तारांकनाचा अर्थ स्वतःच लावू शकतो आणि टारपर्यंत भलताच पॅटर्न पोहोचतो. सगळ्यात जास्त फसवतो तो शेवटचा स्लॅश: 'कॅश/' असे लिहिले की काहीच जुळत नाही, अख्खे फोल्डर निमूटपणे बॅकअपमध्ये जाते. 'कॅश' एवढेच लिहा. पण मग त्या नावाचे फोल्डर कितीही खोलवर असले तरी वगळले जाते. एकाच ठिकाणचे वगळायचे असेल तर 'प्रकल्प/कॅश' असा मार्ग द्या.

पॅटर्न बरेच असतील तर यादीची फाइल करून मोठ्या एक्सने (-एक्स या पर्यायाने) द्या, एका ओळीत एक. ओळ जशीच्या तशी वाचली जाते, त्यामुळे शेवटी राहिलेली मोकळी जागाही पॅटर्न बिघडवते.

खरा बॅकअप घेण्याआधी -सीव्हीएफ वापरून /डेव्ह/नल वर (जे लिहाल ते टाकून देणारी खास फाइल) चालवून बघाच. टार तिथे फाइल्सचा मजकूर वाचतच नाही, नुसती नावे झरझर दाखवतो.