पेटीवर वाढलेल्या कानाने साकामोतो ऐकताना

र्‍युइची साकामोतो या जपानी चित्रपट-संगीतकाराचे पियानोचे आणि दोन-तीन वाद्यांच्या मेळाचे अल्बम ऐकायला बसण्यापूर्वी आपला कान पेटीवर तयार झालेला आहे, हे लक्षात घ्यावे. मराठवाड्यात भजनी मंडळाची पेटी गावोगाव असते. पियानो मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलेलाही नसतो. पट्ट्या दोन्हींकडे पांढऱ्या-काळ्याच असल्या, तरी पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो, आणि पियानोत मात्र पट्टी दाबताच आतली हातोडी तारेवर आपटून मागे सरते व सूर त्या क्षणापासूनच विरू लागतो. साकामोतो यांचे उत्तरायुष्यातले वादन या विरण्याभोवतीच फिरते, आणि म्हणूनच त्यांचे अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत याला महत्त्व आहे.

मी स्वतः हा क्रम चुकवला होता. अंबाजोगाईत ऐन उन्हाळ्यात, कूलरच्या घरघरीत, मी थेट त्यांचा हयातीतला शेवटचा अल्बम लावला आणि दहा मिनिटांत ‘यात काही घडतच नाही’ असे म्हणून बंद केला. दोष अल्बमचा नव्हता. अर्धा कूलरचा आणि अर्धा माझ्या घाईचा होता.

सुरुवात ‘१९९६’ या, त्याच वर्षी आलेल्या अल्बमने करावी. त्यात पियानोवर स्वतः साकामोतो, चेलोवर ब्राझीलचे झाक मोरेलेनबाउम आणि जोडीला व्हायोलिन, अशी त्रयी आहे. व्हायोलिन आणि चेलो ही गजाने वाजणारी वाद्ये असल्यामुळे त्यांचा सूर पेटीसारखा टिकतो आणि सारंगीसारखा वळतोही, त्यामुळे आपल्या कानाला धरायला काहीतरी मिळते. एकट्या पियानोकडे जाण्यापूर्वी हा पूल हवाच. शिवाय यातल्या बऱ्याच धुना चित्रपटांतल्या आहेत. ‘द लास्ट एम्परर’ हा बेर्तोलुची यांचा १९८७ चा चित्रपट. त्याच्या संगीतासाठी साकामोतो यांना डेव्हिड बर्न आणि काँग सू यांच्यासह ऑस्कर मिळाले. त्याच चित्रपटातली ‘रेन’ ही रचना आधी लावावी. नावावरून मल्हाराची अपेक्षा मात्र ठेवू नये. मृगात आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना पाऊस म्हटले की सुटका वाटते. इथला पाऊस सम्राटाची दुसरी पत्नी घटस्फोट मागून घर सोडते त्या प्रसंगाचा आहे. तिन्ही वाद्ये एकच तुकडा पुन्हा पुन्हा घासत पुढे रेटतात. पहिल्यांदा ऐकताना फक्त चेलोकडे लक्ष द्यावे, दुसऱ्यांदा फक्त पियानोच्या डाव्या हाताकडे.

यानंतर एकच धून निवडून ती वेगवेगळ्या अल्बमांत ऐकावी. आपण एकाच गायकाचा एकच राग निरनिराळ्या मैफलींत ऐकतो, तसेच हे आहे. त्यासाठी ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’ची धून सर्वांत सोयीची. नागिसा ओशिमा यांच्या १९८३ च्या या चित्रपटात साकामोतो यांनी जावा बेटावरील युद्धकैद्यांच्या छावणीच्या जपानी प्रमुखाची भूमिकाही केली होती, आणि मूळ संगीत सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर नाना आवाज घडवणाऱ्या वाद्यावर, बांधलेले होते. तीच धून ‘१९९६’मध्ये त्रयीत, २००९ च्या ‘प्लेइंग द पियानो’मध्ये पियानोवर, २०१२ च्या ‘थ्री’मध्ये नव्या व्हायोलिनवादक जूडी कांग यांच्यासह पुन्हा त्रयीत आणि शेवटी ‘ओपस’मध्ये एकट्या पियानोवर सापडते. धून कानी पडताच पाच सुरांच्या रागांची आठवण होते, पण तिच्याखाली सरकणारी स्वरसंगती कोणत्याच रागात बसत नाही, तेव्हा राग ओळखण्याचा नाद सोडलेला बरा.

घरी पेटी असेल तर एक प्रयोग अवश्य करावा. या धुनेची पहिली ओळ आपल्या सोयीच्या पट्टीत पेटीवर बसवावी. बोटांना सूर सापडायला फार वेळ लागत नाही, पण ओळ संपते तिथे अडचण येते: पेटीचा शेवटचा सूर ताठ उभा राहतो आणि सोडला की एकदम तुटतो. भाता हळूहळू सैल करून तो विझवायचा प्रयत्न मी पुष्कळ केला. सूर विझण्याऐवजी कण्हल्यासारखा होतो. मग तीच ओळ ‘ओपस’मध्ये ऐकावी. तिथे शेवटच्या सुरानंतर साकामोतो उजवे पेडल दाबून ठेवतात, त्यामुळे तारांवर टेकून त्यांचा सूर थांबवणाऱ्या गाद्या उचललेल्या राहतात आणि न वाजवलेल्या ताराही सतारीच्या तरफांसारख्या गुणगुणत राहतात. हे गुणगुणणे मनात आकडे मोजत, पूर्ण थांबेपर्यंत ऐकावे. पुढचा सूर त्याआधीच आला तर तो नेमका कुठे आला, हे टिपावे. त्यांच्या वादनातली लय तबल्याच्या ठेक्यात शोधण्यापेक्षा इथे शोधली तर लवकर सापडते.

ऐकण्याच्या सोयीबद्दल थोडेसे. या ध्वनिमुद्रणांत अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजांत बरेच अंतर असते, त्यामुळे फोनच्या स्पीकरवर निम्मे संगीत हरवते. साधा तारेचा इअरफोनही पुरतो. इक्वलायझर सपाट ठेवावा, बेस वाढवणारी आणि आवाज एकसारखा करणारी सोय बंद करावी, शफल तर नकोच. अल्बम आधी उतरवून ठेवावा. वेळ पहाटेची निवडावी, कारण मे महिन्यात दिवसभर आपल्याकडे पंखा-कूलरशिवाय बसणे शक्य नसते. रात्री लाइट गेली तर चिडण्याऐवजी त्या शांततेचा उपयोग करून घ्यावा. एरवी लक्षात न येणारी इन्व्हर्टरची बारीक गूंज मात्र अशा वेळी त्रास देते.

एकट्या पियानोचा खरा पहिला मुक्काम म्हणजे १९९८ चा ‘बीटीटीबी’. नावाचा अर्थ मुळाकडे परत, असा. फ्रेंच संगीतकार एरिक साती यांची सावली त्यावर स्पष्ट दिसते. त्याच सुमारास एका औषधाच्या जाहिरातीसाठी केलेली ‘एनर्जी फ्लो’ ही छोटी रचना १९९९ मध्ये जपानच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. केवळ वाद्यसंगीताला हा मान तिथे प्रथमच मिळाला. माझ्या मते ती गोड आहे, पण अल्बमच्या नावाला जागणारी रचना ‘अक्वा’ आहे, आणि वेळ कमी असेल तर तीच ऐकावी.

‘ओपस’ मात्र वेळ काढून सलग ऐकावा. सप्टेंबर २०२२ मध्ये, कर्करोगाने थकलेले असताना, एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या टोकियोतल्या स्टुडिओत त्यांनी वीस रचना वाजवल्या आणि त्यांचा मुलगा निओ सोरा यांनी त्याचा कृष्णधवल चित्रपट केला. अल्बम २०२४ मध्ये आला. त्यातली ‘तोंग पू’ ऐकण्याआधी तिचे १९७८ चे मूळ रूप ऐकावे. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या त्यांच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या गटाची ती नाचरी, वेगवान धून होती. २०२२ मध्ये ती इतकी संथ होते की प्रत्येक सुराला विरायला जागा मिळते, आणि पेडल वर-खाली होण्याचा लाकडी आवाजही ऐकू येतो.

यानंतरच ‘१२’कडे यावे. १७ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या एकाहत्तराव्या वाढदिवशी, हा अल्बम आला आणि २८ मार्चला ते गेले. बारापैकी एक रचना सोडली तर कुणालाच नाव नाही, केवळ तारखा आहेत; आजारपणात रोजनिशीसारखे जे वाजवले, ते तसेच ठेवलेले. सिंथेसायझरचे लांब सूर आणि मधूनच पियानोचे थेंब, इतकाच ऐवज. पियानोच्या मागे काही ठिकाणी जड श्वास ऐकू येतो. तो ध्वनिमुद्रणातला दोष समजून इअरफोन तपासत बसू नये. एका रात्रीत तीन-चार तारखांपेक्षा जास्त ऐकू नयेत, आणि आपोआप पुढचे गाणे लावणारी सोय आधीच बंद करून ठेवावी, नाहीतर शेवटचा सूर अजून विरत असतानाच भलतेच कुणीतरी गायला लागते.