झिंगारोला जाण्याआधी: सिसिलीच्या एका किनाऱ्याची तयारी

इटलीच्या सिसिली बेटाच्या वायव्य टोकाला, स्कोपेल्लो आणि सान वितो लो कापो या दोन गावांच्या मधे, सुमारे 7 किलोमीटरच्या किनाऱ्यावर गाडीरस्ता नाही. तो होऊ घातला होता. 18 मे 1980 रोजी हजारो लोक त्याच्या विरोधात तिथे चालत गेले, काम थांबलं, आणि 6 मे 1981 च्या प्रादेशिक कायद्याने झिंगारो हे सिसिलीतलं पहिलं निसर्ग राखीव क्षेत्र झालं. तयारीला बसताना हे आधी लक्षात घ्या, कारण पुढची सगळी यादी त्यातूनच निघते. रस्ता नाही म्हणजे वाटेत टपरी नाही, आणि पाय मुरगळला तर दारात येणारी गाडीही नाही. लागेल ते पाठीवर न्यायचं, उरेल ते पाठीवरच परत आणायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. मेमध्ये जायचं असेल तर संक्रांत झाली की कामाला लागा, उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीत. प्रवास विम्याचं कवच किमान 30,000 युरोंचं हवं. पालेर्मो किंवा त्रापानीच्या विमानतळावरून गाडी भाड्याने घ्यायची असेल तर इथल्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या आणि मूळ लायसन्सही जवळ ठेवा. बसच्या फेऱ्या विरळ आहेत, म्हणून गाडी घ्याच असं माझं मत. फक्त तिथे उजव्या बाजूने चालवायचं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा निर्णय: आत शिरायचं कुठून? दोन दारं आहेत. दक्षिणेचं स्कोपेल्लोकडून, उत्तरेचं सान वितोकडून. नकाशावर ती जवळ दिसतात, पण एका दाराशी गाडी लावून दुसऱ्यातून बाहेर पडलात तर गाडीपर्यंत पोचायला अख्ख्या डोंगराला वळसा पडतो. तेव्हा जाऊन-येऊन चालायचाच हिशेब धरा. किनाऱ्याची वाट एका बाजूने दोन-अडीच तासांची आहे, पोहणं आणि थांबणं वेगळं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी दक्षिणेचं दार सुचवेन. तिथे चालायला लागलं की लगेच एक बोगदा लागतो. अर्धवट राहिलेल्या त्याच रस्त्यासाठी तो खोदला होता. आज त्यातून फक्त माणसं चालत जातात. तो ओलांडला की पाणी दिसतं, कडेला गडद निळं आणि खडकांशी हिरवट. हा किनारा कशासाठी वाचवला हे तिथे उभं राहिल्यावर कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दक्षिणेकडून पहिली खाडी काला काप्रेरिया, म्हणून गर्दीही तिथेच. थोडा दम धरा आणि पुढे काला देल्ला दिसा, बेरेत्ता किंवा मारिनेल्लापर्यंत जा. त्याहून पुढे उत्सोची गुहा आहे. तिथल्या उत्खननात मध्याश्मयुगीन माणसांची दफनं सापडली. पायांत ताकद असेल तर आतल्या डोंगरवाटाही आहेत (मोंते स्पेत्सियाले 913 मीटर उंच आहे), पण त्या वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवा.

एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, यातलं काहीतरी निवडा. मेमध्ये रानफुलं असतात पण पाणी गार, सप्टेंबरात पाणी उबदार पण डोंगर वाळलेला. जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळाच. उन्हापेक्षाही मोठं कारण आग. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस लागलेल्या वणव्यात या क्षेत्राचा मोठा भाग जळाला. आफ्रिकेकडून येणारा सिरोक्को हा गरम वारा सुटला की ठिणगी पसरायला वेळ लागत नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा, प्रवेश चालू आहे का आणि दार किती वाजता बंद होतं ते अधिकृत संकेतस्थळावर पाहा. लायटर, सिगारेट, छोटा स्टोव्ह यातलं काहीही पिशवीत नको. वाटेच्या कडेला पंख्यासारख्या पानांचे बुटके ताड दिसतील, स्थानिक लोक त्यांना जुम्मारा म्हणतात. पूर्वी त्यांच्या पानांच्या टोपल्या आणि झाडू व्हायचे, आपल्याकडे शिंदीच्या पानांच्या केरसुण्या होतात तसे. आगीनंतर हा ताड बुंध्यातून पुन्हा फुटतो. काळ्या पडलेल्या खोडातून कोवळी हिरवी पातं वर आलेली दिसली तर जरूर थांबून पाहा, पण हात लावू नका.

पिशवीत प्रत्येकी किमान 3 लिटर पाणी. सह्याद्रीत गडावर ताक किंवा लिंबू सरबत घेऊन कुणीतरी बसलेलं असतं, ती सवय इथे विसरायची. सावलीही फारशी नाही, तेव्हा काठाची टोपी आणि लांब बाह्यांचा सुती सदरा घ्या. चांगल्या पकडीचे बूट चालायला, आणि पाण्यात उतरायला रबरी तळाचे वेगळे जोडे. खाड्यांमध्ये वाळू नाही, गोटे आहेत, आणि खडकांच्या कपारींत काटेरी समुद्री साळू असतात. पोहण्याचा चष्मा विसरलात तर खरंच हळहळाल.

भूमध्य समुद्रात जांभळट रंगाचे डंख मारणारे जेलीफिश येतात. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोडं पाणी ओतू नका, चोळू नका, आणि चिकटलेले तंतू जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच खरवडून काढा. ते कार्ड प्रथमोपचाराच्या डबीत आधीच टाकून ठेवा. श्वास लागला किंवा सूज वाढत गेली तर 112 हा आणीबाणीचा नंबर फिरवा. मोबाइलला सगळीकडे रेंज मिळेल असं धरून चालू नका, नकाशा आधीच डाउनलोड केलेला असू दे.

खाण्यासाठी दशम्या, सुकी चटणी, खजूर आणि मीठ लावलेले शेंगदाणे उत्तम. घाम गेला की खारट लागतंच. एक रिकामी जाड पिशवी कचऱ्यासाठी, त्यात फळांच्या सालीसुद्धा परत आणायच्या.

आणि परतीची भूक स्कोपेल्लोसाठी राखा. तिथे पाने कुन्त्सातो मिळतो: गरम पाव, ऑलिव्ह तेल, टोमॅटो, चीज आणि खारवलेली अँकोव्ही मासळी. शाकाहारी असाल तर मागवतानाच "सेन्त्सा अच्चुगे" म्हणा, म्हणजे मासळी घालत नाहीत.