एनएफएस सर्व्हरची कीटॅब बदलताना

वागळे इस्टेटमधल्या आमच्या डिझाइन ऑफिसात सगळी ड्रॉइंग्ज एका लिनक्स एनएफएस सर्व्हरवर असतात. एनएफएस म्हणजे नेटवर्कवरून फायली वाटून देण्याची पद्धत, आणि ते चालतं आरपीसीवर, म्हणजे दुसऱ्या मशीनकडून नेटवर्कवरून काम करून घेण्याच्या पद्धतीवर. साध्या मांडणीत क्लायंट जो यूजर आयडी सांगेल तो सर्व्हर निमूट खरा मानतो, म्हणून आम्ही कर्बेरॉस लावलं. ते ठरावीक मुदतीच्या डिजिटल तिकिटांवरून ओळख पटवतं. त्यात तीन पातळ्या आहेत. केआरबी५ने फक्त ओळख पटते, केआरबी५आयने मजकुरातला फेरफार पकडला जातो आणि केआरबी५पीने मजकूर एन्क्रिप्ट होतो. ग्राहकांची ड्रॉइंग्ज असतील तर केआरबी५पीच घ्या. वेग थोडा कमी होतो, होऊ द्या.

सर्व्हरची की, म्हणजे गुप्त किल्ली, कीटॅब नावाच्या फाइलमध्ये असते. मालक रूट (प्रशासक), परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी. ही फाइल व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर कधीही पाठवू नका. ती ज्याच्या हाती पडेल तो तुमचा सर्व्हर असल्याची बतावणी करू शकतो. त्याने आधीचं ट्रॅफिक रेकॉर्ड करून ठेवलं असेल, तर तेही उघडू शकतो.

की बदलण्याआधी केलिस्ट कमांडने कीटॅबमधला कीचा व्हर्जन क्रमांक बघा. मग नवं तिकीट घेऊन केव्हीएनओ कमांड चालवा, ती केडीसीकडचा (तिकिटं देणाऱ्या सर्व्हरकडचा) क्रमांक दाखवते. दोन्ही आकडे जुळले की सर्व्हरवरच केॲडमिन या कर्बेरॉसच्या व्यवस्थापन टूलमधून केटीॲड कमांड द्या.

इथे नीट लक्ष द्या, कारण नव्याने आलेल्या बऱ्याच जणांना वाटतं की केटीॲड असलेली की आणून देतं. तसं नाही. ते दर वेळी नवी की तयार करतं आणि व्हर्जन एकाने वाढवतं. स्टँडबाय (राखीव) मशीन त्याच नावाने चालत असेल तर तिथे केटीॲड पुन्हा चालवू नका, मूळ सर्व्हरची की बाद होईल. कीटॅब फाइल एससीपीने (एन्क्रिप्ट करून कॉपी करणाऱ्या कमांडने) न्या.

जुनी नोंद लगेच काढू नका. सकाळी कामाला बसलेल्यांकडे जुन्या कीने बनलेली तिकिटं असतात. केडीसीवर तिकिटाची कमाल मुदत किती ठेवली आहे ते पाहा, तेवढा वेळ जाऊ द्या आणि मग केटीरिमूव्ह कमांडला 'ओल्ड' सांगून जुन्या नोंदी काढा. मी हे काम शनिवारी संध्याकाळी करते, सोमवारी कोणाला कळतही नाही. की फुटल्याचा संशय असेल तर मात्र थांबायचं नाही. जुनी नोंद त्याच क्षणी काढा, सर्व्हर रीस्टार्ट करा, लोकांची गैरसोय झाली तरी चालेल.

पावसाळ्यात वीज गेल्यावर माउंट (क्लायंटवर जोडलेलं सर्व्हरचं फोल्डर) अडकलं तर कीला हात लावण्याआधी घड्याळ तपासा. ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस तिकीट नाकारतं. घड्याळ जुळवणारी क्रोनी सेवा चालू ठेवा.

शेवटी क्लायंटवर नवं तिकीट घ्या, फाइल लिहून बघा आणि केलिस्टमध्ये एन्क्रिप्शनचा प्रकार एईएस २५६ दिसतोय का ते पाहा. आरसी४ हा जुना प्रकार दिसला तर बदला, आरएफसी ८४२९ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजाने ते २०१८मध्येच कालबाह्य ठरवलं आहे. आणि सर्व्हर बॅकअपमधून उभा केलात तर कीटॅबही जुनीच परत येते, तेव्हा व्हर्जन पुन्हा जुळवून घ्या.